वेरूळला भरलेली कॅसेट

म्हाताऱ्या बँडवाल्यांनी पुन्हा स्टेजवर यावं की येऊ नये, यावर आम्ही तिघांनी जितकी भांडणं केली तितकी भाऊबंदांनी बांधावरून केली नसतील. आम्ही तिघं म्हणजे कॉलेजातला एक मोडलेला बँड. मी गिटार वाजवायचो. पाचोडचा मित्र ड्रम वाजवायचा. तो मुळात ताशावर शिकलेला, म्हणून ताशेवाला. तिसरा गायचा, म्हणून गवई. तिघंही आता साठीला टेकलोय. दर रविवारी सकाळी गारखेड्यात गवयाच्या घरी जमायचं, वहिनींच्या हातचा चहा प्यायचा आणि सत्तरी ओलांडलेल्या विलायती माणसांचा न्यायनिवाडा करायचा, हा आमचा नेम.

"थांबता आलं पाहिजे," गवई म्हणायचा. "आवाज गेला की माणसानं घरी बसावं. जे गाऊन ठेवलंय ते ठेवलंय. त्याची माती कशाला करायची?"

"मंग काय करावं त्यांनी?" ताशेवाला म्हणायचा. "ज्याला येतंय त्यो वाजवणारच की. हात शिवशिवत्यात बाबा."

मी ताशेवाल्याच्या बाजूचा. मला या म्हाताऱ्यांचं नवल वाटतं, आणि ते मी लपवत नाही. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाला नीट ऐकू येत नाही. ती एका मंचावर येतात, एकानं नुसती मान हलवली की चौघं एकाच क्षणी सुरू होतात. माझ्या घरात चार माणसं एका वेळी जेवायला बसत नाहीत. त्यामुळे मला तर हा चमत्कारच वाटतो.

पण भांडण विलायती लोकांबद्दल नव्हतंच, हे तिघांनाही ठाऊक होतं. गवयानं एकविसाव्या वर्षी गाणं सोडलं, ते कायमचं. गणपतीच्या आरतीलाही तो फक्त टाळ्या वाजवायचा. गेल्या वर्षी कॉलेजनं जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा ठरवला आणि आमच्या बँडला निरोप पाठवला. ताशेवाला तयार, मी तर एका पायावर. गवई मात्र 'थांबता आलं पाहिजे'च्या पुढे सरकेना. मरण्यापूर्वी मला त्याला एकदा गाताना ऐकायचं होतं. एवढी एकच गोष्ट हवी होती मला, आणि गाणं त्यानं का सोडलं याचा अर्धा भाग मी कुणाला सांगितलेला नव्हता.

आमच्या कॉलेजच्या काळात दुष्काळ होता. शहर तेव्हा लहान होतं. वाळूजकडे नवे कारखाने उभे राहत होते, पण वीज दिवस दिवस गायब असायची. ताशेवाल्याचा मामा वेरूळला परदेशी पाहुण्यांना लेणी दाखवायचा. एका रविवारी आम्ही तिघं सहज तिकडे गेलो, तर मामासोबत उन्हानं लालबुंद झालेला एक उंच पाहुणा होता. भाच्याचा बँड आहे म्हटल्यावर त्यानं पिशवीतून एक कॅसेट काढली आणि आपला छोटा टेपही दिला. संध्याकाळच्या गाडीनं तो अजिंठ्याकडे निघणार होता. तोवर काय उतरवून घ्यायचं ते घ्या, असं खुणेनं सांगितलं.

मामाकडे रेकॉर्ड करता येणारा टेप होता, एक कोरी कॅसेट होती, जोडायची वायरही निघाली. वीज नव्हती. मामाच्या टेपमधले सेल गाणी ऐकून ऐकून उतरलेले. दुकान बंद. मग आम्ही तेव्हा घरोघर करायचे तेच केलं. सेल काढले आणि उन्हात ठेवले. उतरलेले सेल उन्हात तापवले की आणखी थोडे चालतात, यावर आमचा गीतेइतका विश्वास. लेण्यांसमोरच्या तापलेल्या दगडावर सहा सेल ओळीनं मांडून आम्ही राखणीला बसलो. पाहुणा लिंबाखाली टोपी तोंडावर घेऊन झोपला. दोन तासांनी सेल घातले, टेप फिरायला लागला, आणि कॅसेट भरली.

भरताना कानाला लावायचं यंत्र एकच. तिघांनी पाळीपाळीनं दोन-दोन मिनिटं ऐकलं. माझी पाळी आली तेव्हा समोर डोंगर वरून खाली कोरत आणलेलं ते देऊळ होतं, आणि कानात तो आवाज. माणूस असं काही करू शकतो, एवढंच मनात येत राहिलं. मला रडू आलं होतं, ते मी ऊन लागल्याच्या नावावर खपवलं.

शहरात परतून, वीज आल्यावर, कॅसेट नीट लावली. पहिलं गाणं चढं होतं. दुसरं त्याहून चढं. असं करत करत शेवटच्या गाण्यात तो गायक अशा उंचीवर जायचा की आम्ही श्वास धरून बसायचो. जसजसं गातो तसतसा याचा गळा उघडत जातो, असा निष्कर्ष मी काढला आणि सगळ्या कॉलेजला ऐकवला. त्या चढत्या सुरांशी जुळवायला मला दर गाण्यानंतर गिटारच्या खुंट्या पिळायला लागायच्या. शेवटच्या गाण्याला तारा तुटायच्या. विलायती लोकांची हीच पद्धत असणार, अशी माझी ठाम समजूत. ताशेवाल्याचा वेगही गाण्यागणिक वाढायचा. "लई पळवत्यात हे गोरे," तो घाम पुसत म्हणायचा, आणि पळवायचा.

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी गवई मला बाजूला घेऊन म्हणाला, "शेवटचं गाणं जरा उतरव ना. गळा सोलून निघतोय."

मी म्हणालो, "तो गातोच ना तिथं? तो काय माणूस नाही? नसेल जमत तर सांग, दुसरा बघू."

दुसरा कुठला बघणार होतो, डोंबल. पण मी असं बोललो. त्या वयात आपल्याला आपल्याच कानाचा फार गर्व असतो.

गॅदरिंगला तो गायला. सगळी गाणी गायला. शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचला आणि तिथं आवाज फाटला. नुसता फाटला नाही, कोंबड्यासारखा निघाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, कुकूचकू केलं. गवयानं माईक खाली ठेवला आणि विंगेतून निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून तो आमच्यात बसायचा, हसायचा, भांडायचाही, पण गायचा नाही.

पुढे कॅसेट गेल्या. तेच शेवटचं गाणं मला नव्या तबकडीवर मिळालं, मग मोबाईलवर. ते मला संथ आणि खालच्या सुरातलं वाटायचं. कंपन्यांनी नव्या लोकांसाठी मिळमिळीत करून विकलंय, खरं गाणं आमच्या कॅसेटवर आहे, असं मी छातीठोकपणे सांगायचो. गवयाची पडताळायची तयारी नव्हती. तो ते गाणं लागलं की उठून जायचा.

आणि मग मेळाव्याच्या आधीच्या उन्हाळ्यात कॅसेटवरचा तो विलायती बँड इतक्या वर्षांनी पुन्हा एकत्र आला. त्यांचा कार्यक्रम टीव्हीवर इंटरनेटवरून लागणार होता, हवं ते गाणं पुन्हा लावता येईल असा. गवई नको म्हणत असताना मी आणि ताशेवाला रविवारी त्याच्या घरात ठाण मांडून बसलो. पुन्हा दुष्काळ. शहर बीड बायपासच्या पलीकडे पसरलं होतं आणि नळाला आठवड्यानं पाणी. वहिनी आत पिंपं धुऊन ठेवत होत्या. त्या घरी गाण्याचे वर्ग घेतात, पेटी शिकवतात. आमच्या विलायती गोंगाटाला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत, पण कधी बसून ऐकलंही नव्हतं.

पडद्यावर मैदानभर माणसं आणि मधोमध ते चार म्हातारे. गायकाचे केस पांढरे आणि विरळ, मानेची कातडी लोंबलेली. एकेक गाणं झालं. शेवटी ते गाणं लागलं. मी हात जोडूनच बसलो होतो म्हणा ना. शेवटची ओळ त्यानं डोळे मिटून घेतली आणि पूर्ण ताकदीनं लावली, आवाज कुठेही न कापता. समोरची तरुण पोरं रडत होती.

गवई मात्र कडवट हसला. "बघितलं? पट्टी उतरवली. दोन सूर तरी खाली गातोय. हेच म्हणत होतो मी. कशाला यायचं मग?"

वहिनी पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या. "म्हणजे पूर्वी कुठल्या पट्टीत गायचे हे?"

"कॅसेट आहे ना माझ्याकडे," मी म्हणालो. स्कूटर काढली, सिडकोतल्या घरी गेलो, कॅसेट आणि जुना टेप दोन्ही घेऊन आलो.

वहिनींनी पेटी पुढ्यात ओढली. कॅसेटचं पहिलं गाणं लावलं. त्यांनी एक पट्टी दाबली, ऐकलं, शेजारची दाबली. तेच गाणं टीव्हीवर पुन्हा लावायला सांगितलं. मग दुसरं, तिसरं. शेवटच्या गाण्याला त्यांचं बोट टीव्हीवरच्या पट्टीपासून बरंच उजवीकडे गेलं होतं. त्या माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, मोबाईलवर जुनं मूळ गाणं असेल ना? ते लावा."

लावलं. त्यांचं बोट टीव्हीच्याच पट्टीवर येऊन थांबलं.

"हा माणूस तेव्हाही इथंच गात होता आणि आजही इथंच गातोय," त्या म्हणाल्या. "सत्तरीत. कमाल आहे. आणि तुमच्या टेपवर तो गाण्यागणिक थोडा थोडा वर चढत जातो. गळा असा पायऱ्या मोजत चढत नाही. ही फीतच पळतेय."

मी वाद घालायला तोंड उघडलं. ताशेवाल्यानं माझ्या मांडीवर हात ठेवला.

"सेल," तो म्हणाला. "उन्हात घातलेले. उतरत चालले व्हते रं. भरताना टेप हळू हळू फिरत गेला. मंग चांगल्या टेपवर लावली की पळणारच. म्हून मी पळवत व्हतो. कुणी गोरं बिरं नाय पळवत."

कुणी हसलं नाही. मी आयुष्यभर ज्या कानांचा तोरा मिरवला ते कान माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना नुसते लटकत होते. वहिनींना गॅदरिंगचं काही ठाऊक नव्हतं. लग्नाआधी नवऱ्याचा बँड होता आणि तो हट्टानं सोडला, एवढंच त्यांना माहीत. मी त्यांना सगळं सांगितलं. आदल्या दिवशी त्यानं पट्टी उतरवायला सांगितली होती आणि मी काय उत्तर दिलं होतं, तेही सांगितलं. सांगताना माझी नजर फरशीवर होती.

गवई टीव्ही बंद करून आला. मग पेटीजवळ सरकला.

"अगं, कॅसेटवर शेवटचं गाणं कुठे होतं?"

वहिनींनी पट्टी दाबून दाखवली. ती ऐकून तो माझ्याकडे वळला. "मी कुठल्या ओळीपर्यंत टिकलो होतो रे?"

"शेवटच्या," मी म्हणालो. "शेवटची ओळ सोडून सगळं."

"इथं?" त्यानं त्या पट्टीवर स्वतःचं बोट ठेवलं.

"तिथंच."

त्यानं दोन-तीनदा तोच सूर वाजवून पाहिला. एकवीस वर्षांचा एक मुलगा तिथं जवळजवळ अख्खं गाणं गायला होता, जगातल्या त्या मोठ्या गायकाच्याही वर, आणि आम्ही त्याला शिट्ट्या मारून घरी पाठवला होता. हे त्याला आणि मला एकदमच समजलं असावं, कारण त्याचं बोट त्या पट्टीवरून हलेना आणि माझ्याच्यानं त्याच्याकडे बघवेना.

"मूळ पट्टी दे," तो वहिनींना म्हणाला.

त्यांनी सूर धरला. त्यानं खाकरून घेतलं आणि गायला सुरुवात केली. पहिल्या ओळीत आवाज गंजलेला होता. दुसऱ्या ओळीला तो मोकळा झाला. ताशेवाला स्टीलच्या ताटलीवर बोटांनी ठेका धरू लागला, अगदी सावकाश, पहिल्यांदाच योग्य लयीत. आणि शेवटची ओळ गवयानं अशी घेतली की जिना चढून निवांत गच्चीवर यावं. मी इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते माझ्यापासून दोन हातांवर घडत होतं. अंगावर काटा आला, आणि तो बराच वेळ गेला नाही.

गाणं संपलं तरी वहिनी सूर धरूनच होत्या. मग त्यांचा भात्यावरचा हात थांबला.

"तीस वर्षं मी या घरात लोकांच्या मुलांना गाणं शिकवतेय," त्या म्हणाल्या. "तुम्ही आतल्या खोलीत बसायचात. मला वाटायचं, तुम्हाला गाण्याचा कान नाही."

गवयानं त्यांचा हात हातात घेतला. आमच्यासमोर असं त्यानं पूर्वी कधी केलेलं मला आठवत नाही. मी शिव्यांची वाट पाहत होतो. चार दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मेळाव्याला येतो म्हणून कळव त्यांना," तो मला म्हणाला. "फक्त गिटार हिच्या पेटीवर जुळवायची. तुझ्या कानावर नाही."

मी मान हलवली. बोलायला गेलो असतो तर मलाच कुठलाही सूर लागला नसता.