नळीवरचा मास्क

मोठ्या आईचा फोन आला तेव्हा मी नागपूरला कॉलेजच्या लॅबमध्ये होते. "मोठेबाबा गेले वं," एवढंच ती बोलली... मी "हो" म्हणाले. या फोनची मला दोन वर्षं भीती होती, हे आज दीड महिन्याने लिहिते आहे.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, मोठी आई त्यांची बायको. दारव्ह्याच्या एका कॉलेजात ते प्रयोगशाळा सहायक होते. निवृत्तीनंतर भंगारातून निकामी व्हॅक्यूम ट्यूब पोत्याने आणत. ते त्यांना नळ्या म्हणत. मागच्या खोलीत काच फोडून आतले इवलेसे वाकडे पत्रे काढत, ब्लेडने त्यांवरचा थर खरवडत आणि फुंकर मारत. "पाह्य," ते मला म्हणत, "या थरावर एक इलेक्ट्रॉन येऊन धडकते अन् चार बाहेर पडते. चार पुढच्या पत्र्यावर गेले का सोळा. ना दिसत, ना आवाज. अन् शेवटी पाह्यलं तं लाखो!" मी इंग्रजी शाळेतली, आधीच कमी बोलणारी. खिडकीच्या उन्हात तरंगणारी ती करडी धूळ बघत राहायची.

एमएस्सीच्या पहिल्या वर्षी पुस्तकात त्याच पत्र्यांविषयी एक पान आलं. काहींवर बेरिलियमच्या ऑक्साइडचा थर असतो. त्याची धूळ श्वासात गेली, तर वर्षानुवर्षं फुफ्फुसात गप्प बसू शकते. ते पान मी तीनदा वाचलं. दिवाळीत मी दारव्ह्याला गेले तेव्हा मोठेबाबा दोन पायऱ्या चढून थांबत होते. "सोयाबीनची धूळ हाय," मोठी आई म्हणाली. त्या दिवसांत गावात सगळेच खोकतात.

मी मास्क घेऊन गेले होते. हातात देऊन दोन वाक्यं बोलायची होती, मराठीत जुळवूनही ठेवली होती. पण ज्यांनी मला इलेक्ट्रॉन म्हणजे काय ते शिकवलं, त्यांना 'तुमचं चुकतंय' कसं म्हणायचं? मास्क टेबलावर ठेवून मी निघून आले.

पुढच्या खेपेला त्यांनी हौसेने दाखवलं. त्यांची सर्वांत लाडकी, न फोडलेली नळी मास्कमध्ये गुंडाळून रबराने बांधलेली होती. "तुया मास्कानं लय काम केलं बाई. एक कण बसला नाही!"

"माणसाले लावाचं असते ते," मोठी आई हसली.

"माणूस धुता येते. नळी नाही."

सगळे हसले, मीही. मग त्यांना खोकला आला आणि तो थांबेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. तेव्हाही सांगता आलं असतं...

फुफ्फुसं निकामी झाली, असं डॉक्टर म्हणाले. कशामुळे, ते कोणी विचारलं नाही. नळ्यांबद्दल त्यांना कोणी सांगितलंही नाही. कोणी म्हणजे मी.

तेरावं झाल्यावर मोठी आई मागची खोली झाडायला निघाली. मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले, "मोठी आई, झाडू ठेव."

"काहून वं? इतके वर्षं मीच तं झाडून राह्यली हे खोली," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून खोकली.

मी तिला हात धरून ओसरीवर आणलं, बसवलं आणि सगळं सांगितलं.

नळी अजून टेबलावरच आहे. मी मास्क सोडवून पाहिला होता. काचेवर खरंच एक कणही नव्हता.