खानावळीतली पांढरी भाकरी

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरी मिलोची, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीची भाकरी असायची. तांबडी, खरबरीत. थापताना तिचे काठ फुटायचे आणि गार झाली की चावता चावत नसे. मी सातवी पास झाले होते. मला उस्मानाबादच्या मुलींच्या वसतिगृहात घालायचं आईनं ठरवलं होतं. वडील पाझर तलावाच्या कामावर होते, म्हणून आईनंच खडीच्या कामावर एक खाडा केला आणि आम्ही दोघींनी परंड्याहून सकाळची एस्टी धरली.

अर्ज देईपर्यंत दुपार झाली. स्टँडकडं परतताना एका खानावळीतून तव्यावरच्या भाकरीचा वास आला आणि आई थांबली. तिला नुसती सावली हवी होती. भाकरी आमच्या फडक्यात होतीच.

खानावळवाली बाई पन्नाशीची होती. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगायतांचं लिंग. आत चुलीपाशी कुणाशी तरी कानडीत बोलत ती दारात आली. आमच्या गावच्या हॉटेलात आमच्या कपबशा बाहेर वळचणीला वेगळ्या असायच्या, चहा पिऊन आम्हीच त्या विसळायच्या. त्यामुळं परगावी गेल्यावर आई आधीच सांगून टाकायची. मागाहून कुणी उठवायला नको. आताही तिनं पायरीखालून सांगितलं, "आमी बौद्ध हावोत, बाई. हितं सावलीला आमची भाकर खातो. पानी तेवढं वरून घाला."

मी खाली माझ्या पायांकडं बघत राहिले.

"म्या इचारलं व्हय तुमाला?" बाई म्हणाली. "हात धुवा आन् आत बसा."

आवाज चढवला नाही, की गोडही केला नाही. आज आमटी कसली आहे ते सांगावं, तसं सांगितलं.

आत चार-पाच माणसं पाटांवर जेवत होती. एकानं आपलं ताट थोडं सरकवलं. आम्हाला जागा द्यायला की आमच्यापासून लांब, ते मला अजून कळलेलं नाही. आम्ही भिंतीकडेला बसलो. समोर ताटं आली. येसराची आमटी, शेंगाची चटणी, फोडलेला कांदा आणि पांढरी ज्वारीची भाकरी. इतकी पांढरी की मी आधी तिला नुसतं बोट लावून बघितलं. पापुद्रा उचलला तर आतून वाफ आली.

आई जेवेना. ती वाढणाऱ्या हाताकडं बघत होती. घरी ती सगळ्यांच्या मागून, चुलीपुढं उरलंसुरलं खायची. तिला बसवून कुणी वाढलंय, असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिनंही पाहिलं नसावं.

बाईनं आमच्या फडक्याकडं बोट केलं. त्यात काय आहे, म्हणून विचारलं. मिलोची भाकर आहे, खाण्यासारखी नाही, असं आई ओशाळून म्हणाली. बाईनं हात पुढं केला. फडकं सोडलं, तुकडा मोडला, आमच्याच फडक्यातल्या चटणीला लावला आणि सगळ्यांसमोर, उभ्यानं, तोंडात घातला. जेवणाऱ्यांचे हात थांबले. ती भाकरी चावायला वेळ लागतो. बाईनं सावकाश चावून ती गिळली.

"पीठच तसं हाय," ती आईला म्हणाली. "तुमच्या हाताची चूक न्हाय."

मग आई जेवली. तीन भाकरी खाल्ल्या. जेवण झाल्यावर सवयीनं ताट विसळायला उठली, तर बाई चुलीपासूनच म्हणाली, "ठिवा तितंच." आई ताट हातात धरून क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिनं ते हळूच खाली ठेवलं, काचेचं असावं तसं.

वसतिगृहात मला जागा मिळाली. पुढं आई भेटायला यायची तेव्हा आम्ही तिथंच जेवायचो. बाई माझ्या अभ्यासाचं, गावाकडच्या पावसाचं विचारायची. पहिल्या दिवसाचा विषय कुणीच काढला नाही.

त्या पहिल्या दिवशी घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. वडील नुकतेच कामावरून आले होते. त्यांनी वसतिगृहाचं काय झालं, असं विचारलं. आईनं आधी खानावळीचं सांगितलं.

"तिनं आपली भाकर खाल्ली," ती म्हणाली.

वडिलांनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी डोक्याचा टॉवेल काढून मांडीवर ठेवला.