जाळीखालचा तळहात

फोन आला तेव्हा यंत्र चालू होतं. डोणगावच्या आमच्या शेडमध्ये यंत्र चालू असलं की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. खिशात थरथर जाणवली म्हणून फोन काढला, तर बुलढाण्याच्या दवाखान्यातून पुतण्या. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाला. मी "हो" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि चाळायला घेतलेली गोणी पूर्ण करून मगच बटण बंद केलं. सोयाबीन घेऊन आलेला शेतकरी गोणीचं तोंड शिवून निघूनही गेला. त्याला मी काही सांगितलं नाही. का, ते माहीत नाही. डोक्यात काहीच नव्हतं... आजही फारसं नाही.

गजूदादा माझा थोरला भाऊ. धान्य चाळायचं हे यंत्र आम्ही दोघांनी मिळून घेतलं आणि घेतल्या दिवसापासून जाळ्यांवरून भांडत आलो. पेरणीआधी आसपासच्या गावांतले लोक घरचं सोयाबीन बियाण्यासाठी चाळून न्यायला आमच्याकडे येतात. भिंतीला जाळ्या टांगलेल्या, प्रत्येकीचं भोक वेगळं. फारच बारीक लावली तर फुटकी डाळ दाण्यांबरोबर वरच राहते, मोठी लावली तर चांगला दाणाही खाली जातो. मी आपला एक जाळी ठोकून मोकळा होणारा. दादाकडे मात्र जुन्या जाळ्यांचे वहीएवढे तुकडे होते, कडेला पत्रा मारलेले. प्रत्येकाच्या गोणीत कोपरापर्यंत हात घालून तो तळातली मूठ काढायचा, तुकड्यावर टाकायचा, तुकडा मला हलवायला लावायचा आणि स्वतः खाली तळहात धरून बसायचा. वर काय राहिलं ते बघतच नसे. "वरचं कोनालेबी दिसते बे," म्हणायचा. "आपन कोनाले काढून टाकून राह्यलो, ते पाह्य." तोवर बाहेर ट्रॅक्टर खोळंबलेले आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुरू. लोक मात्र निवांत चहा पीत बसायचे. आमच्या या नाटकाची त्यांना सवय झाली होती.

यंदाचं भांडण जरा लांबलं. गेल्या हंगामात शेंगा भरायच्या वेळी पावसाने दडी मारली होती, त्यामुळे सगळ्यांचाच दाणा बारीक. माझं म्हणणं, जाळी मोठीच लावायची. खुजा दाणा पेरून शेतात विरळ उगवण बघत बसण्यापेक्षा बियाणं थोडं कमी भरलेलं बरं. दादा म्हणायचा, "गेलं सालच बारीक होतं, दान्याचा काय गुन्हा? उगवते तो." मी म्हणायचो, उगवत नाही. असं कितीतरी दिवस. गिऱ्हाइकाचा माल आधी आणि आपला शेवटी, हा त्याचा जुना हट्ट. म्हणून त्याच्या घरचं सोयाबीन कोपऱ्यात थप्पी लावून तसंच पडलं होतं. तब्येतीच्या तपासणीसाठी बुलढाण्याला निघाला त्या सकाळी एसटीची वेळ झालेली असूनही तो दारातून परत आला. "माह्या मालाले मोठी जाळी लावू नको बरं!"

"तू ये तं खरा, मंग पाहू," मी म्हटलं. हे आमचं शेवटचं बोलणं.

तेरवी झाली. माणसं आली, जेवली, गेली. मला रडू आलं नाही; बहीण त्यावरून बोललीही. मग एक दिवस वहिनी शेडवर आल्या. पुतण्या नोकरीच्या गावी परत गेला होता, शेत मक्त्याने दुसऱ्याला कसायला देऊन टाका असं सगळे सांगत होते आणि वहिनींनी ते स्वतःच करायचं ठरवलं होतं. "भाऊजी, त्यायचं सोयाबीन चाळून द्या. तेच पेराचं हाय मले." बियाणं दगा देतं तर त्यांचा पहिलाच हंगाम हातचा गेला असता आणि 'आम्ही सांगत होतो' म्हणायला सगळे मोकळे. माझा हात सवयीने मोठ्या जाळीकडे गेला.

"मोठी नका लावू. मले म्हनले होते ते."

"तो तं काहीबी म्हने," मी बोलून गेलो... आणि जाळीवरचा हात काढून घेतला.

शेवटी मी दोन्ही जाळ्या लावून पाहिल्या. थोडं सोयाबीन आधी मोठीवर घातलं. खाली पडलं ते पुन्हा बारीक जाळीवर. फुटकी डाळ गेली आणि वर उरला तो निव्वळ आमच्या भांडणाचा दाणा, खुजा पण अख्खा. त्यातले मूठभर दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने मांडले, गुंडाळले, सावलीत ठेवून दिले. वहिनी रोज येऊन पाणी शिंपडून जात. काही दिवसांनी गोणपाट उलगडलं तर सगळीकडे पांढरे मोड. एखाददुसरा सोडला तर सगळे उगवले होते.

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मी दाराकडे पाहिलं. आयुष्यात एकदा दादासमोर हार कबूल करायची तयारी झाली होती आणि हा गडी जागेवर नाही! तो गेल्यापासून मला पहिल्यांदा काही वाटलं असेल, तर तो त्याचा राग.

वहिनींचं बियाणं बारीक जाळीने चाळून दिलं. परवा शेजारच्या गावचा एक जण माल घेऊन आला. मी गोणीत कोपरापर्यंत हात घातला, तळातली मूठ काढली, खिळ्यावरचा दादाचा जाळीचा तुकडा घेतला, त्यावर दाणे टाकले आणि नेहमीसारखा हलवायला लागलो. दाणे टपटप फरशीवर पडायला लागले.

"भाऊ, खाली सांडून राह्यलं नं," तो माणूस म्हणाला.

"हाव," मी म्हटलं, आणि तिथेच खाली बसलो.