पाच जिनसांचं कॉकटेल

तंजावर स्टेशनावर उतरलो तेव्हा मी जागा होतो की झोपेत, हे अजून ठरलेलं नाही. पुण्याहून निघून आगगाडीत इतका बसलो होतो की दाढी पोटाशी आली होती. पहाटेच्या धूसर उजेडात मोठ्या देवळाचं शिखर जमिनीपासून हातभर वर तरंगत होतं. रिक्षावाल्याला विचारलं, तर म्हणाला, रोजच तरंगतं. निदान मला त्याचं तमिळ तसं कळलं.

माझा मित्र वसंता, त्याच्या मुलाचं लग्न जमलं होतं. बेंगळुरूच्या कंपनीत शेजारच्या कॉम्प्युटरवर बसणारी इंदू ही इथली, तंजावरी मराठी घरातली. साखरपुडा मुलीकडे. वसंताची मंडळी दुसऱ्या दिवशी पोचणार होती, आणि तयारी बघायला पुढे धाडलेला वकील मी.

राजवाड्यामागच्या गल्लीत तिण्णैवर (घराबाहेरच्या ओट्यावर) इंदूचे वडील व्यंकटराव उभे होते. गणिताचे निवृत्त मास्तर. "यावें, बसावें. झोंप जाली कीं?" म्हणाले. त्यांची मराठी ऐकली आणि मला वाटलं, पणजोबांच्या पणजोबांनी हाक मारली. फक्त त्यांना तमिळ हेल कधी लागला ते कळेना. कॉफी अशी की पहिल्या घोटाला मी जागा झालो आणि दुसऱ्याला पुन्हा स्वप्नात गेलो.

तेवढ्यात मास्तरांनी घसा खाकरला. "राव, एक संशय आहे. काल कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथांत व्याह्यांचा फोन आला. म्हणाले, सांजेस लहानसें कॉकटेल ठेवा. कॉक म्हणजे कोंबडा, टेल म्हणजे शेपूट. हें प्यावें कैसें?"

वसंताने नुकतीच मारुती घेतली होती; तेव्हापासून त्याला असले शब्द सुचत. मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. मी सांगितलं, एका साहेबाच्या खाणावळीत झुंजीचा कोंबडा हरवला. तो सापडला म्हणून मालकाच्या मुलीने घरातली सगळ्या जातींची दारू एका हंड्यात ओतली आणि त्याच्याच शेपटीच्या पिसाने ढवळली! कुणी म्हणतं, शेपूट छाटलेल्या घोड्यावरून शब्द आला. असा घोडा अस्सल रक्ताचा नव्हे, मिसळीचा.

आतून पार्वतीबाई आल्या. "कोळी?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"कोळी नाही हो वहिनी, घर स्वच्छ आहे," मी म्हटलं. तमिळमध्ये कोळी म्हणजे कोंबडी, हे मला मागून कळलं.

"अय्यय्यो! कोंबडीचें शेपूट, वर दारू, आणि आमच्या देवघराच्या घरांत?" पार्वतीबाई म्हणाल्या. "उद्यां त्यांस स्टेशनावरूनच परत धाडा."

मास्तर माझ्याकडे वळले. "मिसळीचा घोडा, म्हणालांत. आमची मराठीही तैसीच कीं. व्याही हांसतील?"

दाराआडून इंदू म्हणाली, "मामा, तुम्हीं बिघडवलें, तुम्हींच नीट करा." तिचे डोळे भरले होते.

दुपारी मास्तर मला बसने तिरुवैयारुला घेऊन गेले. विचार करायला ते नेहमी तिथेच जात. कावेरी इतकी संथ, की बघता बघता उलटी वाहू लागली. पलीकडची नारळाची झाडं पाण्यात डोकं खाली करून झोपलेली. कुठल्यातरी घरातून वीणेचे तेच तेच सूर येत होते. घाटाजवळ मडक्यातून पानकम् (गुळाचं सरबत) मिळत होतं. एक पेला प्यालो आणि माझी जीभ सुटली.

"मास्तर, ह्यात काय काय आहे?"

"गूळ, सुंठ, वेलदोडा, लिंबू, पाणी."

"किती झाले?"

"पांच."

"पंच! साहेब ह्याच किनाऱ्यावर उतरला, आपलं पाच जिनसांचं पेय प्याला आणि आकडाच उचलून घेऊन गेला. त्यांच्याकडे मिसळीच्या पेयाला अजून पंच म्हणतात. कॉकटेल ही त्याचीच नात!"

मास्तरांनी बोटांवर पुन्हा मोजलं. "हें खरें?"

"अर्धं."

"कोणतें अर्धें?"

"जे गोड लागेल ते."

ते हसले. कावेरी पुन्हा सरळ वाहू लागली. "म्हणजे मिसळ आमचीच," ते पुटपुटले. "सरी (ठीक). कॉकटेल होईल."

दुसऱ्या दिवशी सांजेला पितळी हंड्यातून पंच वाटलं गेलं. मास्तरांनी त्याची कुळकथा भर मांडवात आपल्या मराठीत सांगितली. कुणी हसलं नाही. वसंता तर "यावें, बसावें" असंच बोलू लागला. सुंठ अशी झणझणीत होती की चार पेल्यांनंतर तो डुलू लागला आणि माझ्या कानात म्हणाला, "लेका, परदेशी माल दिसतोय!" इंदूने अंगठी घालून घेताना माझ्याकडे बघून डोळा मारला.

निघताना पार्वतीबाईंनी तूक्कु (कडीचा डबा) भरून पानकम् दिलं. मी घोट घेतला. गूळ, सुंठ, वेलदोडा, लिंबू, पाणी... आणि मागून हलकेच काहीतरी हिरवं, गार.

"वहिनी, ही तर तुळस! म्हणजे सहा झाले."

त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. ते रिक्षावाल्याशी बोलत होते. "हळू बोला, अण्णा. तुळस तों मी नेहमींच घालतें. परंतु तुमच्या पांचांवर माझ्या लेकीचें लग्न उभें आहे."

घरी आल्यावर आम्ही पानकम् करून पाहिलं. मी पाचच जिनसा सांगतो. बायको म्हणते, काहीतरी राहिलंय.