फेट्याखालचा दादा

माळावर मेंढ्या परतल्या, तेव्हा धनगरीण एकेक कोकरू उचलून नेमकं त्याच्या आईपाशी सोडत होती. मला सगळ्या मेंढ्या सारख्याच दिसत होत्या.

"मावशी, ओळखता कशा?"

"तोंडावरनं! तुमी मानसं न्हाई व्हय वळखत?"

नाही ओळखत. चेहरे माझ्या लक्षातच राहत नाहीत. केस, चाल, आवाज यांवर पन्नाशीपर्यंत निभावलं आणि घरच्यांपासूनही ते लपवलं. भाचीच्या लग्नात सगळ्या पुरुषांनी एकसारखे फेटे बांधले होते. मी सख्ख्या दादासमोरून नमस्कार न करताच निघून गेलो.

"साहेब झालाय, ओळख कशाला देईल?" तो चारचौघांत म्हणाला. मी मान खाली घातली, पण खरं सांगितलं नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

न सांगणं हा माझा गुन्हा, कबूल. पण माझे डोळे असे आहेत, हा गुन्हा नाही. त्याबद्दल आता मान खाली घालणार नाही. माळावरूनच दादाला फोन लावला.

"दादा, तुझा चेहरा मला कधीच ओळखता आला नाही. खोकला मात्र हजारांत ओळखेन. यापुढे मी दिसलो की तूच हाक मारायची."

 पलीकडून दादा मुद्दाम खोकला.