मामाने वळवलेली तार

आमचा मामा वायरमन होता. चौतीस वर्षं खांबावर चढला. वर चढलेला माणूस खाली बघतो; हा तिथूनही आभाळच बघायचा. कमरेला पक्कड, गळ्यात एका काचेला तडा गेलेली दुर्बीण. लोक त्याला टिटव्या म्हणत. मामी म्हणायची, यांना मैलावरची घार दिसते, पायाजवळची रिकामी बादली दिसत नाही.

थंडी पडली की सुट्टीच्या दिवशी तो पहाटेच निघायचा. कापणी होऊन रान मोकळं झालेलं, धसकटांवर दव, त्यात चंडोल, धोबी पक्षी. सगळे पाहून झाले होते. राहिले होते क्रौंच. त्याचा बाप सांगायचा, पूर्वी हिवाळ्यात या सपाट रानात क्रौंच उतरले की जमीन दिसायची नाही. मामाने जन्मात एक पाहिला नव्हता. तरी दर हिवाळ्यात जायचा. मामी टोचून बोलली की म्हणायचा, "येतील. तुझा भाऊ नाही का बारा वर्षांनी उगवला."

मग नवी लाइन निघाली. नकाशाप्रमाणे ती ओढ्याकाठच्या थोरल्या झाडावरून जाणार, म्हणजे झाड तुटणार. त्यावर बगळ्यांची साठेक घरटी. मामा तीनदा साहेबांकडे गेला. साहेब वैतागून म्हणाले, मग तूच सांग कुठून न्यायची. मामाने नकाशावर उघड्या रानावर बोट ठेवलं. तिथे काय, झुडूपसुद्धा नाही. रेघ वळली, झाड वाचलं. तारा मामानेच ताणल्या, आणि वर्षभर लग्न जमल्यासारखा हिंडत होता.

पुढच्या हिवाळ्यात, दाट धुक्याच्या सकाळी, त्या लाइनची वीज गेली. मामा बिघाड शोधत एकेक खांब चालत निघाला. सातव्या आणि आठव्या खांबाच्या मध्ये, तारांखाली, मोठा करडा पक्षी पडला होता. एक पंख करपलेला. ओळखायला दुर्बीण लागली नाही. वीसएक पावलांवर त्याचा जोडीदार उभा होता. जिवंत क्रौंच. मामा पार जवळ गेला तरी तो उडेना.

साहेबांचा फोन आला. कारण काय लिहू?

"पक्षी."

"कसला?"

"ते राहू द्या. तार कुणी वळवली ते लिहा."

साहेब हसले. रिपोर्टात 'पक्षी' एवढंच गेलं.

मामा घरी आला आणि पलंगावरची लाल चादर ओढून फाडायला लागला. मामीने दुसरं टोक धरलं. लाइन बंद करून घेऊन मामाने त्या पट्ट्या तारांना बांधल्या, पक्ष्यांना तारा दिसाव्यात म्हणून. जोडीदार तीन दिवस तिथेच होता. चौथ्या सकाळी नव्हता. उडाला की कोल्ह्याने नेला, कळलं नाही. दुर्बीण त्या दिवसापासून खुंटीवर.

हे मामाने मला एकदाच सांगितलं, तेही कुणा दुसऱ्याचं सांगावं तसं.

मामा जाऊन सहा वर्षं झाली. थंडीच्या तोंडी मामी जुनी चादर फाडते आणि पट्ट्यांची पिशवी नव्या वायरमनला नेऊन देते. तो बिचारा दरवर्षी बांधतो. क्रौंच आले का, हे ती त्याला कधी विचारत नाही.