सोळाव्या सोमवारची भाकर

देवाचं सगळं मी नेमानं करत होते, पण त्याच्यावर माझा भरवसा नव्हता. हे कळायला मला सोळा सोमवार लागले, आणि तोवर माझी मुलगी हातची जाते की काय अशी वेळ आली होती.

माझी आधीची दोन मुलं वर्षाच्या आत गेली. आषाढात ही तिसरी झाली, तेव्हा बाळंतिणीच्या बाजेवरूनच मी महादेवाला नवस बोलले. हिला जगव, मी सोळा सोमवार निर्जळी करीन, संध्याकाळच्या पूजेनंतर अळणीच खाईन, आणि हिचं उष्टावण होईपर्यंत बाकीच्या दिवशीही एकदाच जेवीन. माझं माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं, आणि दोन्हीकडे उपासाचं भारी कौतुक. पण आमच्याकडचा उपास म्हणजे एकादशी आणि दुप्पट खाशी. भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, वर दोन केळी. मला तो पोरखेळ वाटे. माझा उपास तेवढा खरा, असं मी मनाशी म्हणे आणि इतरांच्या पानांकडे जरा वरूनच बघे.

सासूबाई मात्र दिवसातून चारदा माझ्यामागे लागत. "अगं, पाजती बाई तू. देव काय तुझ्या पानावर डोळा ठेवून बसलाय?" असं त्या म्हणत. त्या प्रपंचातल्या, त्यांना काय कळणार, असं वाटे. त्यांनी गुडघे दुखत असताना वळलेले डिंकाचे लाडू मी मोलकरणीच्या पोरांत वाटून टाकी आणि डबा रिकामा करून फडताळात ठेवी. वैद्यबुवांनी विचारलं, तेव्हा "दोन्ही वेळा जेवते" असं चक्क खोटं सांगितलं. यजमान वकील. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि अपिलांसाठी ते सारखे नागपूरला असत. त्यांना घरातलं अर्धंच कळे.

दसऱ्यानंतर माझं दूध आटत चाललं. एखादीनं तेव्हाच ताट वाढून घेतलं असतं. मला मात्र वाटलं, व्रतात कुठेतरी उणं पडलं, म्हणून देव रुसला. मग मी शनिवार धरला, संकष्टी धरली, एक वेळच्या जेवणातला भातही सोडला. जितकं दूध कमी, तितका माझा नेम कडक. पोरीला गाईचं दूध पाजून पाहिलं, तिला ते सोसेना. कार्तिकात तिच्या मनगटावरच्या वळ्या गेल्या आणि रडणं बारीक झालं. आधीच्या दोघांचंही असंच झालं होतं. मला ते आवाज ओळखू येत होते, आणि तरी मी जेवले नाही.

सोळावा सोमवार आला. आजचा दिवस पार पडला की देव आपलं ऐकेल, एवढ्या एका आशेवर मी भर दुपारी पोरीला घेऊन गावाबाहेरच्या महादेवाला निघाले. अभिषेक झाला. परतताना जिनाजवळ, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याजवळ आले आणि डोळ्यांपुढे काळोखी आली. कापसाचा हंगाम होता, रस्त्यात गाड्यांची रांग लागली होती. फाटकासमोरच्या निंबाखाली मी कशीबशी टेकले. पोर रडत होती, मी तिला पदराखाली घेतलं, पण तिला काही मिळेना.

तेवढ्यात दुपारच्या सुट्टीचा भोंगा झाला आणि बाया बाहेर आल्या. त्यांतली एक, चाळिशीची असेल, केसांत-भुवयांत कापूस अडकलेला, माझ्याशेजारी येऊन बसली.

"लेकरू काहून रडून राह्यलं व?" तिनं विचारलं.

"भूक लागलीय."

"मंग पाज ना." तिनं माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "तू काय खाल्लं सकायपासून?"

"आज सोमवार आहे माझा."

"अन् काल?"

"काल एकदा जेवले होते."

ती रागावली नाही, हसलीही नाही. तिनं फडकं सोडलं. त्यात ज्वारीची एक भाकर आणि अंबाडीची भाजी होती. तिनं ती भाकर माझ्या हातावर ठेवली आणि पोरीला स्वतःच्या मांडीवर घेतलं. "खाय," म्हणाली. "लेकराचं पोट तुह्यापाशी हाये. तूच उपाशी, तं ते काय खाईन?"

मी म्हटलं, माझं व्रत मोडेल, आज शेवटचा सोमवार आहे, आणि मोडलं तर देव हिला नेईल. हे मी कधी कुणाजवळ बोलले नव्हते. बोलता बोलता मला रडूच कोसळलं.

"पाप लागलं तं मले लागू दे," ती म्हणाली. "महादेवाले माहं नाव सांगजो. म्हनजो, जिनातल्या सखूनं चारलं."

मी खाल्लं. भाजीत मीठ होतं, तिखटही होतं, आणि कोणाच्या हातचं खातो आहोत हा विचार पहिल्या घासानंतर मनात राहिला नाही. भोंगा पुन्हा झाला तशी ती पोर माझ्याकडे देऊन, फडकं झटकून आत निघून गेली.

घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं, लाडवांचं खोटंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "कोणाच्या हातचं खाल्लंस ते देवाला सांग, मला नको. आता वरणभात खा." त्या दिवसापासून दोन्ही वेळा त्या समोर बसून मला वाढू लागल्या. चमत्कार म्हणावा असं लगेच काही झालं नाही. आठवडाभर पोर नुसती शिंकली तरी माझ्या काळजात धस्स होई. मग हळूहळू दूध आलं. मार्गशीर्ष सरता सरता तिच्या मनगटावर पुन्हा वळी पडली. ती वळी मी दिवसातून कितीदा पाहिली असेल, सांगता येणार नाही.

माघात उष्टावण ठरलं, तेव्हा लुगडं आणि चुरम्याचा प्रसाद घेऊन मी जिनाच्या फाटकाशी गेले. पोर कडेवर होती. सखूबाई त्याच निंबाखाली बसली होती. तिनं मला ओळखलंच नाही. पोरीकडे पाहिलं तेव्हा कुठे, "हे तेच लेकरू?" म्हणाली आणि तिच्या गालाला हात लावला.

तिच्या मांडीवर फडकं होतं, आणि फडक्यात एकच भाकर होती. ती पाहिली तेव्हा मला विचारायचं सुचलं. "सखूबाई, त्या दिवशी तुम्ही काय खाल्लं?"

"काय खातो?" ती म्हणाली. "एकच भाकर रायते, ते तुले देल्ली. घरी जायेपरेंत नुसतं पानी पेली." मग जरा आठवून म्हणाली, "सोमवारच होता ना व तो? मंग तुह्या पायी मलेबी एक उपास घडला." आणि मोकळं हसली.

मला हसता आलं नाही. ती लुगडं उलगडून पाहत होती आणि मी खाली मान घालून रडत होते. घरात भरलेले डबे असताना पंधरा सोमवार मी उपाशी राहिले, देवाशी सौदा करत राहिले, आणि मुलगी दिवसेंदिवस वाळत गेली. हिनं एका अनोळखी बाईच्या लेकरासाठी भाकर दिली, दिवसभर उभ्यानं काम केलं, आणि तो उपास होता हेही तिच्या ध्यानात नव्हतं.

माझी मुलगी आता लेकुरवाळी आहे. मी दोन्ही वेळा जेवते, भूक लागली की जेवते, आणि जे पानात येईल ते देवानंच वाढलं असं समजून खाते. मागायचं आता काही उरलं नाही. कुणी विचारलं, तुमचे सोळा सोमवार पुरे झाले का, तर मी हो म्हणते. पंधरा मी केले, सोळावा सखूबाईनं केला, आणि देवाला तो पोचला.